घरात पथ्य असताना किराणा निवडणे : लेबल, गिरणी आणि सुटा माल

चांदणवेल (पुणे)

सीलिॲक आजार असलेल्या माणसाला गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) या धान्यांतले ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन, आयुष्यभर कटाक्षाने टाळावे लागते. याखेरीज या आजारावर दुसरा उपाय नाही. ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, खाल्लेले अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते आणि रक्त कमी होते. माझ्या मुलीला हा आजार आहे. त्यामुळे आमच्या घरी किराणा भरताना चव आणि किंमत या दोन्ही गोष्टी मागे पडल्या आहेत आणि पाकिटामागचा बारीक मजकूर सर्वांत पुढे आला आहे.

गहू टाळायचा म्हणजे पोळी, शिरा, उपमा, शेवया, लापशी, ब्रेड आणि बिस्किटे टाळायची, एवढे कोणाच्याही लक्षात येते. खरी अडचण येते ती जिथे गव्हाची शंकाही येत नाही तिथे. फोडणीत पडणाऱ्या चिमूटभर हिंगाचेच पाहा. मूळ हिंग फार उग्र असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. बाजारात डबीतून मिळणारी हिंगपूड बहुधा अशीच असते आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवर तसे लिहिलेले असते, परंतु हिंगाच्या डबीवरही काही वाचण्यासारखे असेल हे आधी सुचायला हवे. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर थोडे गहू भाजून घालण्याची रीत अनेक घरांत आहे, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात आणि सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. खपलीबद्दल तर आप्तांनी आणि एका दुकानदारानेही मला खात्रीने सांगितले होते की हा जुना वाण असल्यामुळे तो चालतो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो अजिबात चालत नाही. ‘मधुमेहात खपली चालते’ असा ऐकलेला सल्ला दुसऱ्याच आजाराला लावला गेला की तो किती घातक ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

याच्याही पुढचा प्रश्न गिरणीचा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आणि राजगिरा यांत ग्लूटेन नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या घराला खरे म्हणजे पर्यायांची वाण नाही. परंतु ज्या जात्यावर दिवसभर गहू दळला जातो त्याच जात्यावर आपली ज्वारी पडते, आधीच्या दळणाचे पीठ आत उरलेले असते, आणि भाकरी ज्वारीची असूनही तिच्यातून गहू पोटात जातो. या पिठाला लेबल नसते. भाजणी, फरसाण, मिठाई, लग्नातले जेवण, देवळातला प्रसाद यांपैकी कशालाच ते नसते.

या चर्चामंचावर वेगवेगळी पथ्ये सांभाळणारे अनेक सदस्य आहेत. आपण काय खायचे हे ठरवताना लेबलचा आपल्याला नेमका किती उपयोग होतो, आणि जिथे लेबलच नाही तिथे आपण काय करता, हे जाणून घ्यायचे आहे. केवळ सीलिॲकपुरते मर्यादित न राहता मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, ॲलर्जी, धार्मिक नियम अशा सर्व बाजूंनी लिहावे, ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)

मी खाद्यपदार्थांच्या उत्पादनात गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे लेबल तयार होते त्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली लेबलचे नियम केले जातात आणि सध्याचे मुख्य नियम २०२० चे आहेत. घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे तयार करताना जो घटक वजनाने किंवा आकारमानाने सर्वांत जास्त वापरला तो पहिला. या एका नियमाचा उपयोग केला तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर नाचणीचे कणीस छापलेले असते आणि मागे यादीत मैदा, साखर, पाम तेल आणि त्यानंतर कुठेतरी नाचणी येते. ‘मल्टिग्रेन’ या शब्दाचा अर्थ एकापेक्षा जास्त धान्ये एवढाच आहे. त्यातले कोणते किती, हे यादीचा क्रमच सांगतो. ब्रेडचा तपकिरी रंग पाहून तो संपूर्ण गव्हाचा आहे असे समजू नये, कारण तो रंग कॅरॅमलचा, म्हणजे यादीत रंग, परिरक्षक अशा पूरक द्रव्यांना जे क्रमांक देतात त्यांतल्या १५० चा, असू शकतो.

ॲलर्जीसाठी आठ गट जाहीर करणे बंधनकारक आहे : ग्लूटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाची फळे, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट. ही माहिती बहुधा यादीच्या खाली वेगळ्या ओळीत असते. चांदणवेल यांनी घाईच्या वेळी आधी ती ओळ पाहावी आणि नंतर यादी वाचावी. त्या ओळीत गहू नसेल तरी यादीत माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट आहे का हे जरूर तपासावे, कारण माल्ट बहुतेक वेळा जवापासून करतात. मक्याच्या पोह्यांच्या (कॉर्नफ्लेक्सच्या) अनेक डब्यांत ते चवीसाठी घातलेले असते. साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

‘ग्लूटेन-फ्री’ असे लिहायचे असेल तर पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. ‘नैसर्गिकरीत्या ग्लूटेनरहित धान्य’ आणि ‘तपासून ग्लूटेनरहित ठरलेले पीठ’ यांत हाच फरक आहे. ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर फक्त ज्वारी हा एकच घटक लिहिलेला असेल तर तो मजकूर खरा असतो, परंतु त्याच यंत्रावर आदल्या पाळीत कणीक भरली गेली होती का, हे त्यावरून कळत नाही. काही उत्पादक ‘यात अमुक घटकाचा अंश असू शकतो’ असे लिहितात. हे वाक्य वाचून लोक नाराज होतात, पण माझ्या मते असे वाक्य लिहिणारा उत्पादक काहीच न लिहिणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा आहे, कारण त्याने निदान हा विचार केलेला असतो.

एक त्रुटीही सांगायला हवी. मसाल्यांसाठी ‘मसाले’ असा एकत्रित उल्लेख नियमाने चालतो. प्रत्येक मसाल्याचे नाव लिहिण्याची सक्ती नाही.

मोहर (कोल्हापूर)

कृष्णाकाठ यांनी शेवटी सांगितलेली त्रुटी हीच आमची रोजची अडचण आहे. आमच्या घरी जैन नियमांनुसार कांदा, लसूण, बटाटा ही कंदमुळे वर्ज्य आहेत आणि चातुर्मासात नियम आणखी कडक होतात. चौकोनातला हिरवा गोल पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, आणि तेवढ्यापुरती ती खूण उत्तम आहे. जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ) किंवा किड्यांपासून काढलेला १२० क्रमांकाचा लाल रंग असलेल्या पदार्थाला ती खूण मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक क्रमांक पाठ करण्याची वेळ येत नाही. मांसाहारी पदार्थाच्या खुणेत नव्या नियमांनी तपकिरी गोलाऐवजी त्रिकोण आणला, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते, कारण ज्यांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांना आता आकारावरून समजते.

परंतु शाकाहारी आणि जैन यांत अंतर आहे, आणि ते अंतर सांगणारी कोणतीही सरकारी खूण नाही. दाणेदार शेव, चिवडा, तयार आमटीची पूड यांच्या लेबलवर ‘मसाले’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यात लसणाची पूड आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. काही पाकिटांवर उत्पादक स्वतःहून ‘जैन’ किंवा ‘कांदा-लसूण विरहित’ असे लिहितात. आम्ही तेच घेतो, आणि असे लिहिणारा एकच उत्पादक दुकानात असेल तर निवड अशी काही उरतच नाही. दूध न घेणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे स्वतंत्र नियम आणि वेगळी खूण आली. त्याच धर्तीवर मसाल्यांतील कांदा-लसणाचा उल्लेख सक्तीचा झाला तर आम्हालाच नव्हे, तर लसणाने पोट बिघडणाऱ्या इतर अनेकांनाही त्याचा उपयोग होईल.

रुईफूल (नाशिक)

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेहाचे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण अधिक असतात, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इतक्या मोठ्या समूहासाठी लेबल हे औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे असायला हवे, परंतु दर्शनी बाजूवरचे दावे त्यांना नेमके चुकीच्या दिशेने नेतात.

‘शुगर-फ्री’ लिहायचे असेल तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे, आणि ‘साखर घातलेली नाही’ हा दावा पूर्णपणे वेगळा आहे. खजूर आणि अंजीर वाटून केलेल्या बर्फीत वरून साखर घातलेली नसते, तरी तिच्यात साखर भरपूर असते. दुसरी गोष्ट माल्टोडेक्स्ट्रिनची. हा पदार्थ पिष्टमय घटकांपासून करतात, तो पोषणाच्या तक्त्यातल्या ‘एकूण साखर’ या ओळीत मोजला जात नाही, आणि तरीही रक्तातली साखर तो झपाट्याने वाढवतो. म्हणून मी रुग्णांना साखरेच्या ओळीबरोबर ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ आधी पाहायला सांगते. तक्त्यातले आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हेही पाहावे लागते, कारण उत्पादकाच्या मते एक वाढणी म्हणजे दोन बिस्किटे असू शकतात आणि आपल्या घरी चहाबरोबर पाच सहज संपतात.

मिठाच्या बाबतीत तक्त्यात ‘मीठ’ असा शब्द नसतो, ‘सोडियम’ असतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झाले, आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. पापडात मिठाखेरीज पापडखारातूनही सोडियम येते. रक्तदाबाच्या रुग्णाला लोणचे बंद करून पापड चालू ठेवलेला मी अनेकदा पाहते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांची परिस्थिती सर्वांत कठीण आहे. त्यांना पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावे लागतात आणि हे दोन्ही आकडे पोषणाच्या तक्त्यात देण्याची सक्तीच नाही. ‘लो सोडियम’ मिठात नेहमीच्या मिठाच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाब असलेल्या निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला त्याचा फायदा होऊ शकतो, परंतु ज्याचे मूत्रपिंड निकामी होत चालले आहे त्याच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकाच घरात एकाला रक्तदाब आणि दुसऱ्याला मूत्रपिंडाचा विकार असेल तर असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये. फॉस्फरसचा आकडा नसला तरी त्याचा माग काढता येतो : घटकांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर फॉस्फेट घातलेले आहे असे समजावे. गडद रंगाच्या कोला पेयांत ३३८ असतो.

सह्यकडा

वरील सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु मला मूळ भूमिकाच पटत नाही. ज्या वस्तूचे लेबल वाचण्यासाठी रसायनशास्त्र शिकावे लागते ती वस्तू घरात आणूच नये, हा सोपा उपाय आहे. भाजी, भाकरी, वरण-भात आणि ताक यांना लेबल लागत नाही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी लेबल न वाचता आयुष्य काढले.

माणदेशी (दहिवडी)

सह्यकडा यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य असले तरी ते ज्या भाकरीबद्दल बोलत आहेत ती आज कोणाच्या ताटात आहे हे पाहायला हवे. मी दुष्काळी पट्ट्यातल्या शाळेत शिकवतो. आमच्या भागात ज्वारी-बाजरी हेच रोजचे अन्न होते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आणि दुष्काळी कामांवर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळाला, ती खाऊन दिवस काढल्याचे येथील वृद्ध आजही सांगतात. त्यानंतरच्या काळात रेशनवर गहू आणि तांदूळ स्थिरावले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून ही दोन्ही धान्ये मोफत मिळतात. त्या कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती, परंतु प्रत्यक्षात आमच्याकडे दुकानातून येतात ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळच. घरात गहू फुकट येत असताना गव्हापेक्षा महाग ज्वारी विकत घेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. शिवाय भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो, आणि पहाटे शेतात किंवा कारखान्यात निघणाऱ्या बाईला रात्रीच केलेल्या पोळ्या डब्यात घालणे सोयीचे पडते. तेव्हा कोण काय खातो याचे उत्तर आवडीत किंवा माहितीत शोधण्यापूर्वी रेशनच्या दुकानात आणि बाईच्या दिवसाच्या वेळापत्रकात शोधावे लागते.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे, आणि याबद्दल मला तीव्रतेने वाटते. नियमानुसार लेबलवरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असला की पुरे. मराठी छापण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही, आणि व्यवहारात बहुतेक पाकिटांवर फक्त इंग्रजी असते. माझ्या वर्गातली मुले रोज मधल्या सुट्टीत ५ रुपयांचे पाकीट आणतात. त्यांच्या आयांना अक्षरओळख आहे, त्या मराठी वर्तमानपत्र वाचतात, परंतु त्या पाकिटावरचा एकही घटक त्यांना वाचता येत नाही. चॉकलेट-गोळ्यांसारख्या अगदी लहान वेष्टनांना, म्हणजे ज्यांचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी आहे त्यांना, घटकांची यादी छापण्यापासून सूटही आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर असते आणि खोके दुकानदाराकडे राहते. म्हणजे सर्वांत लहान ग्राहक जी वस्तू सर्वांत जास्त विकत घेतो तिच्यावरच सर्वांत कमी लिहिलेले असते.

म्हणूनच दर्शनी बाजूवर शब्दांऐवजी चिन्ह असावे असे मला वाटते. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोन छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये जो मसुदा आला तो चांदण्या देऊन गुणांकन करण्याचा होता. चांदणी ही बक्षिसाची खूण आहे. जास्त साखरेच्या बिस्किटाला दीड चांदणी दिली तरी आमच्या मुलांना ते बक्षीसच वाटेल.

दूरस्थ (लेस्टर, इंग्लंड)

येथील पद्धत थोडक्यात सांगतो, कारण तुलना उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून ॲलर्जी आणणारे घटक यादीतच उठून दिसतील असे, बहुधा ठळक अक्षरांत, छापावे लागतात, त्यामुळे नजर टाकताच ते दिसतात. यादी चौदा घटकांची आहे आणि तिच्यात तीळ आणि मोहरी यांचाही समावेश आहे. भारताच्या आठ गटांत या दोन्ही गोष्टी नाहीत. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाला भारतातली चटणीपूड, गोडा मसाला किंवा चिक्की घेताना ॲलर्जीच्या ओळीवर विसंबून राहता येणार नाही. संपूर्ण यादी वाचावी लागेल, आणि ‘मसाले’ या शब्दाआड तीळ दडलेला असू शकतो हे लक्षात ठेवावे लागेल. अमेरिकेनेही जानेवारी २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत घेतला आहे.

सुट्या मालाबाबत येथे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये महत्त्वाचा बदल झाला. दुकानातच तयार करून, ग्राहक येण्याआधीच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी आणि ॲलर्जीची माहिती लावणे सक्तीचे झाले. त्यामुळे येथील ज्या गुजराती आणि मराठी महिला ढोकळा किंवा पुरणपोळी करून, आधीच बांधून विकतात त्यांनाही पाकिटावर चिठ्ठी लावावी लागते. सुरुवातीला त्यांना हे जाचक वाटले, परंतु आता अनेकींकडे छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे तयार असतात, आणि नियम छोट्या व्यावसायिकालाही पाळता येतो हे मी स्वतः पाहिले आहे. किंमत हा प्रश्न मात्र येथेही सुटलेला नाही. ग्लूटेनरहित ब्रेड साध्या ब्रेडच्या कितीतरी पट महाग आहे.

पारिजात

एक प्रश्न आहे. माझ्या भावाला पोळी खाल्ल्यावर पोट फुगल्यासारखे वाटते. त्याने गहू बंद केला आणि त्याला बरे वाटत आहे. आता सीलिॲक आहे का याची तपासणी करावी का, की बरे वाटत आहे तर तसेच चालू ठेवावे?

रुईफूल (नाशिक)

पारिजात, गहू बंद केल्यानंतर केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. सीलिॲकच्या रक्ततपासणीत ग्लूटेनमुळे तयार होणारी प्रतिपिंडे शोधतात आणि त्यानंतर गरजेप्रमाणे आतड्याचा तुकडा तपासतात; ग्लूटेन काही काळ पोटात गेलेच नसेल तर या दोन्हींचा निष्कर्ष खोटा ‘नाही’ असा येऊ शकतो. त्यामुळे आधी पोटविकारतज्ज्ञांना भेटावे आणि तपासणीपूर्वी गहू पुन्हा किती आणि किती काळ खायचा हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. निदान निश्चित असणे महत्त्वाचे आहे, कारण सीलिॲक असेल तर हिंगातला गहूसुद्धा टाळावा लागतो, आणि नसेल तर एवढे कडक पथ्य कोणावरही लादू नये.

चांदणवेल (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तिळाची आणि पोटॅशियमची बाजू माझ्यासाठी पूर्णपणे नवीन होती.

गिरणीबाबत आम्ही काय केले ते सांगते, कारण काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. गिरणीवाल्या काकांना आम्ही आजार समजावून सांगितला आणि त्यांनी मनापासून सहकार्य करायची तयारी दाखवली. सकाळी गिरणी उघडल्यावर पहिले दळण आमचे घ्यायचे आणि आधी मूठभर तांदूळ दळून जाते साफ करायचे असे ते म्हणाले. परंतु डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पट्ट्यात, झडपेत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत कणीक उरतेच, आणि हवेत उडणारे पीठही खाली बसतच असते. शेवटी आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही घालायचा नाही असा नियम केला. घरघंटी सर्वांना परवडणारी नाही, हे मी जाणते. एका गावातील किंवा वसाहतीतील दोन-तीन कुटुंबांनी मिळून ती घेतली तर खर्च विभागला जाईल. बचत गटांनी केवळ ज्वारी, नाचणी आणि तांदूळ यांसाठी वेगळी गिरणी चालवली तर त्यांना ग्राहक निश्चित मिळतील.

उपवासाच्या पदार्थांचा आम्हाला अनपेक्षित उपयोग झाला. वरी, राजगिरा, शिंगाडा आणि साबुदाणा यांत ग्लूटेन नाही, आणि एकादशीला जी पिठे दुकानात सहज मिळतात ती आमच्याकडे वर्षभर लागतात. पिठापेक्षा अख्खे धान्य आणून, निवडून, धुऊन घरी दळणे अधिक सुरक्षित आहे.

सर्वांत अवघड जागा मात्र दुसऱ्याच्या घरचे जेवण ही आहे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो, आणि लहान मुलाने प्रसाद नको म्हटले की आजूबाजूचे सगळे ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणतात. तेवढ्याने होते, हे प्रत्येक वेळी प्रेमाने आणि न चिडता सांगावे लागते. अलीकडे आमच्या नात्यातल्या दोन घरांनी तिच्यासाठी पूजेच्या ताटातली केळी आधीच बाजूला काढून ठेवली आणि प्रसाद म्हणून तीच दिली. माझ्या मते अशी समज लेबलच्या कोणत्याही नियमापेक्षा तिच्या उपयोगाची आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

हॉटेल आणि लग्नाच्या जेवणाबाबत एक पुरवणी. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाचे उष्मांक मेनूवर दाखवावे लागतात आणि ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, परंतु गावातल्या खानावळीला आणि लग्नाच्या आचाऱ्याला हे लागू नाही. तेथे तोंडी विचारण्याला पर्याय नाही, आणि विचारताना ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरून काहीही साध्य होत नाही. पदार्थांची नावेच घ्यावी लागतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आचाऱ्याला देण्यासाठी मराठीत एक चिठ्ठी तयार केली आहे. ती त्यांच्या परवानगीने येथे देतो, ज्याला हवी त्याने आपल्या पथ्याप्रमाणे बदलून वापरावी.

‘माझ्या मुलाला गव्हाचा आजार आहे. कणीक, मैदा, रवा, शेवया, लापशी, खपली, सातू आणि डबीतली हिंगपूड यांतले थोडेही त्याच्या पोटात गेले तर तो आजारी पडतो. आमटी किंवा भाजी दाट करायला कणीक लावली असेल तर कृपया सांगा. ज्या तेलात पुऱ्या किंवा मैद्याचे पदार्थ तळले त्या तेलातले पापड आणि भजी त्याला चालत नाहीत. साधा भात, हिंगाशिवाय केलेले वरण, दही आणि फळे चालतात. वाढताना वेगळा चमचा वापरावा.’

चांदणवेल (पुणे)

यातला तळणीच्या तेलाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पापड उडदाचा आहे म्हणून तो निर्धास्तपणे वाढला जातो. चिठ्ठीत मी ‘सोया सॉस’ आणि ‘मेतकूट’ हे दोन शब्द वाढवणार आहे. मोहर आणि रुईफूल यांनी आपापल्या पथ्यांच्या अशाच चिठ्ठ्या येथे दिल्या तर त्या सर्व मी धाग्याच्या सुरुवातीला एकत्र जोडेन.